मे महिन्यातलं हिरवं गवत

"मॅडम, तुम्ही हिशेब तपासायला आलाय न्हवं? मग ह्या पाण्याचं बी जरा लिवा की."

गेटवरचे मामा हे म्हणाले तेव्हा त्या कारखान्यात माझे नऊ दिवस गेले होते. सांगलीकडची एमआयडीसी, मे महिना, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बसवत नाही असा उकाडा. मालकांना संशय होता की कुठेतरी गळती आहे. बाहेरून कास्टिंग यायचं, लेथवर घडून गाड्यांचे सुटे भाग बनून जायचं. आलेल्या कास्टिंगमधून गेलेल्या मालाचं वजन वजा केलं की जे उरतं ते बोरिंग, म्हणजे लोखंडाचा कीस. तो भंगारवाल्याला विकला जातो. हिशेबाने निघायला हवी त्यापेक्षा बोरिंग चार-पाच टक्के कमी निघत होती. "धूळ उडते, तेल निथळतं," असं उत्तर वर्षानुवर्षं दिलं जात होतं आणि मालक ते ऐकून घेत होते.

नऊ दिवसांत मला कागदावर काहीही सापडलं नव्हतं. वजनकाट्याच्या पावत्या खऱ्या, त्यांचे नंबर सलग, गेटपासवर सह्या-शिक्के जागच्या जागी. भाव बाजाराशी जुळणारा. पैसे चेकने आलेले, बँकेच्या पासबुकाशी ताळमेळ बसलेला. असा स्वच्छ हिशेब बघितला की नवख्या ऑडिटरला बरं वाटतं. मला तोवर पंधरा वर्षं झाली होती आणि माझी झोप उडाली होती.

मामा जत तालुक्यातले. उन्हाळ्यात त्यांच्या गावाला टँकरचं पाणी. भंगाराची गाडी आली की गेटबाहेरच्या नळावर तिच्यातली दोन पिंपं काठोकाठ भरतात आणि आत शेडच्या मागे नेऊन ओतून देतात, हे त्यांना बघवत नव्हतं. "चांगलं पाणी मातीत घालत्यात. जाऊन बघा, गवत उगवलंय तिथं."

मी जाऊन बघितलं. सगळं आवार करपलेलं होतं आणि मागच्या भिंतीला लागून सतरंजीएवढ्या जागेत गुडघाभर हिरवं गवत उभं होतं.

पिंप दोनशे लिटरचं. दोन पिंपं म्हणजे चारशे लिटर, म्हणजे चारशे किलो. रिकामी गाडी पाण्यासकट काट्यावर चढायची, तिचं रिकामं वजन चारशे किलोने जास्त लागायचं. मग पाणी ओतायचं, बोरिंग भरायची आणि पुन्हा काट्यावर यायचं. भरलेल्या वजनातून फुगवलेलं रिकामं वजन वजा केलं की प्रत्येक खेपेला चारशे किलो माल फुकट बाहेर. काटा खरा होता, पावती खरी होती, सही खरी होती. किलोला २५ रुपये धरले तरी खेपेला १०,००० रुपये. आठवड्याला तीन खेपा. वर्षाचे १५ लाखांच्या वर.

अशा वेळी तोंड मिटून ठेवणं हे सगळ्यात अवघड काम असतं. सीएची आर्टिकलशिप करत होते तेव्हा आमच्या एका सीनियरने कॅशियरला चारचौघांत विचारलं होतं, "ही व्हाउचरं कुठं आहेत?" दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड रूममधली पाण्याची पाइप फुटली आणि तीन वर्षांच्या फायलींचा लगदा झाला. तो लगदा उन्हात वाळवायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हापासून ठरलं आहे: आधी प्रती काढायच्या, मग प्रश्न विचारायचे. गेटवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग फक्त पंधरा दिवस टिकायचं, जुन्यावर नवं चढायचं. त्याच संध्याकाळी "बिलांसाठी डेटा हवाय" असं सांगून मी ते उतरवून घेतलं.

मग सहा महिन्यांच्या काटा-पावत्या घेऊन बसले, पण आता वेगळ्या नजरेने. मालाचं निव्वळ वजन बाजूला ठेवलं आणि फक्त गाडीचं रिकामं वजन तारखेनुसार उतरवत गेले. एकच गाडी, एकच नंबर. प्रत्येक पावतीवर आकडा जवळपास तोच, आरसी बुकातल्या वजनापेक्षा बराच वर. एका तारखेला मात्र तो ४१० किलोने खाली आला होता. त्या दिवशी गाडी हलकी का झाली, याचं उत्तर हजेरीच्या मस्टरमध्ये मिळालं. स्टोअर इन्चार्ज त्या दिवशी तापाने घरी होते. सहा महिन्यांत त्यांनी घेतलेल्या दोन रजांपैकी ती एक.

मस्टर मी आता सगळ्यात आधी मागवते. "आमचा माणूस वर्षानुवर्षं रजा घेत नाही," असं मालक कौतुकाने सांगतात तेव्हा माझं पेन तिथे थांबतं. बहुतेक वेळा तो माणूस खरोखरच कष्टाळू निघतो, हे मुद्दाम सांगते, कारण संशयाने चांगली माणसं पोळतात. पण खोटा हिशेब रोज सांभाळावा लागतो. दुसऱ्याच्या हातात एक दिवस वही गेली की तो उघडा पडतो.

मुंबईत फोर्टमधल्या ब्रॅडी हाउसमध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेत नेमकं हेच घडलं. हिरे व्यापारी नीरव मोदीच्या कंपन्यांना परदेशातल्या भारतीय बँकांकडून कर्ज मिळावं म्हणून या शाखेतून हमीपत्रं जात होती, तारणाशिवाय. ती 'स्विफ्ट' या संदेशयंत्रणेवरून जायची, पण बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंद होत नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. संबंधित अधिकारी त्याच शाखेत सलग सात वर्षं होता. २०१७ मध्ये तो निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीची माणसं नेहमीसारखी हमीपत्र मागायला आली तेव्हा टेबलामागे नवा माणूस बसला होता. त्याने नियमाप्रमाणे शंभर टक्के रोख तारण मागितलं. "आत्तापर्यंत असं कधी लागलं नव्हतं," हे उत्तर आलं आणि नोंदी शोधल्या तर नोंदीच नाहीत. पहिली तक्रार २८० कोटींची होती. आकडा पुढे १३,००० कोटींच्या पलीकडे गेला.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की अडकवणारा प्रश्न अगदी साधा होता. तो कुठल्याही बदली कारकुनाने विचारला असता. फक्त तिथे बदली व्हायला हवी होती. रिझर्व्ह बँकेने संवेदनशील जागांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून सलग किमान दहा कामाचे दिवस, आधी न कळवता, सक्तीच्या रजेवर पाठवायचा नियम केलेला आहे. २०२१ मध्ये तो आणखी नेमका केला गेला. कारखान्यांना, पतसंस्थांना, शाळांच्या ट्रस्टना असं कुणी सांगत नाही. मी सांगते. दहापैकी दोन मालक ऐकतात.

स्टोअर इन्चार्जशी बोलायचा दिवस आला. अशा बोलण्याची रीत असते. समोरच्याला दाराजवळची खुर्ची द्यायची, म्हणजे कोंडून ठेवलंय असं त्याला वाटत नाही आणि पुढे कोर्टात तसं म्हणताही येत नाही. खोलीत आणखी एक माणूस असायला हवा. टेबलावर पाणी. सुरुवात कामाच्या साध्या प्रश्नांनी: गाडी कधी येते, काट्यावर कोण असतं, पावती कोण फाडतं. त्याने स्वतःच्या तोंडाने पद्धत सांगितली की मग एकेक कागद पुढे ठेवायचा. आणि गप्प राहायचं. ती शांतता मला आजही जड जाते.

मी त्या एका हलक्या गाडीची पावती ठेवली, शेजारी मस्टरचं पान ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मी सगळं लिहून ठेवलंय."

खिशातून एक छोटी डायरी निघाली. भंगारवाल्याकडून आलेला प्रत्येक हप्ता तारखेसकट, आणि वर मथळा: 'उसने'. एकोणीस वर्षांची नोकरी. कारखान्याच्या पडत्या काळात चार महिने बिनपगारी काम केलं होतं, दिवस पालटले की भरून देऊ असं मालक म्हणाले होते आणि विसरले. मग मुलीच्या इंजिनिअरिंगची फी आली. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने तुरुंगातल्या अफरातफर करणाऱ्यांशी बोलून १९५३ मध्ये हेच मांडलं होतं: कुणाला सांगता न येणारी अडचण, हाताशी आलेली संधी आणि स्वतःला पटवलेलं कारण. परीक्षेसाठी मी तो त्रिकोण पाठ केला होता. 'उसने' हा शब्द निळ्या शाईत वाचला तेव्हा तो मला खऱ्या अर्थाने कळला. चोरी ती चोरीच होती आणि अहवालात मी ती तशीच लिहिली. चार महिन्यांच्या पगाराचंही लिहिलं. मालकांना ते पान आवडलं नाही.

दुसऱ्या एका धड्याची किंमत सगळ्या देशाने मोजली. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबुली दिली तेव्हा ताळेबंदातली ५,००० कोटींच्या वरची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नसल्याचं उघड झालं. बँकेतली शिल्लक बँकेलाच विचारावी, इतकी ही गोष्ट सरळ. पण ती विचारणा करणारी पत्रं ऑडिटरने स्वतःच्या ताब्यात ठेवली नव्हती, असा ठपका अमेरिकी नियामकांनी २०११ मध्ये ठेवला. आमच्या ऑफिसात आजही अशी पत्रं कंपनीच्या शिपायाकडे देत नाहीत. ऑफिसातली मुलगी स्वतः पोस्टात जाते आणि उत्तर आमच्या पत्त्यावर येतं. मुदत ठेवीची पावती कितीही कोरी करकरीत असली तरी बँकेच्या शाखेत जाऊन विचारते. क्लायंट चिडतात. चिडू देत.

सीएच्या प्रत्येक विद्यार्थ्याला १८९६ चा किंग्स्टन कॉटन मिलचा इंग्लिश निवाडा शिकवतात. ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असं त्यात म्हटलंय. गिरणीच्या मॅनेजरने कापसाचा आणि सुताचा साठा फुगवून दाखवला होता आणि ऑडिटरांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला होता. हे वाचताना मला नेहमी वाटतं, त्या गिरणीच्या गोदामावर कुणीतरी हमाल असेलच. त्याला रिकाम्या फळ्या दिसत असतील. त्याला कुणी विचारलं होतं का?

फसवणुकीचा तपास करणाऱ्यांची एसीएफई ही जागतिक संघटना दर दोन वर्षांनी अहवाल काढते. २०२४ च्या अहवालात ४३ टक्के प्रकरणं कुणीतरी दिलेल्या खबरीतून उघडकीला आली होती, आणि त्या खबऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक त्याच संस्थेचे कर्मचारी होते. बाहेरच्या ऑडिटरने पकडलेली प्रकरणं ३ टक्के. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एचडीआयएल या बांधकाम समूहाची कर्जं लपवायला २१,०४९ खोटी खाती दाखवली गेली होती. २०१९ च्या सप्टेंबरात प्रकार उघड झाला तेव्हा ठेवीदारांना आधी फक्त १,००० रुपये काढता येतील असं सांगितलं गेलं. ती खाती दाखवताना माहिती भरणारे हात कुणाचे तरी होतेच, आणि वर्षानुवर्षं ऑडिट होत होतं.

खबर देणाऱ्याचं पुढे काय होतं, हे मी मामांकडून शिकले, आणि त्यात चूक माझी होती. अहवालात मी सरळ लिहिलं: 'गेटवरील सुरक्षारक्षकाने सांगितल्यानुसार'. माहितीचं श्रेय द्यावं, एवढाच हेतू. अहवाल चार टेबलांवरून फिरला. स्टोअर इन्चार्जचा राजीनामा घेतला गेला, भंगारवाला बदलला, आणि महिन्याभरात सिक्युरिटीच्या ठेकेदाराने मामांना काढलं. कारण विचारलं तर "वय झालं" म्हणाले. मी मालकांना फोन केला, ठेकेदाराला केला. दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. कंपनी कायद्याच्या १७७ व्या कलमात तक्रार करणाऱ्याला संरक्षण देणारी यंत्रणा ठेवायला सांगितलंय, पण शेअर बाजारातल्या, ठेवी घेणाऱ्या आणि ५० कोटींच्या वर कर्ज असलेल्या कंपन्यांना. तीही संचालक आणि कर्मचाऱ्यांसाठी. ठेकेदारीवरचा वॉचमन कंपनीचा कर्मचारी नसतो. गेट, काटा, गोदाम, कॅन्टीन इथली बहुतेक माणसं आज ठेकेदारीवर आहेत, आणि सगळ्यात जास्त त्यांनाच दिसतं. हे कलम त्यांच्यापर्यंत यायला हवं, असं मी जिथे बोलायची संधी मिळते तिथे बोलते.

आता माझ्या अहवालात माणूस नसतो. 'प्रत्यक्ष पाहणीत आढळले' एवढंच लिहिते. आधी स्वतः जाऊन बघते, म्हणजे ते वाक्य खरं ठरतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच कारखान्यात पुन्हा काम निघालं. बॅग ठेवली आणि आधी शेडच्या मागे गेले. भिंतीलगतची जमीन बाकीच्या आवारासारखीच तडकली होती. परत येताना गेटवर थांबले. खुर्चीवर विशीतला एक मुलगा होता, त्याने माझं नाव रजिस्टरमध्ये लिहिलं आणि विचारलं, "कोणाला भेटायचंय?"