पाचव्या दिवशी घरी

बायपासनंतर दहा-बारा दिवस रुग्णालयात राहायचं, हे एके काळी ठरलेलं असे. आता मुलुंड-अंधेरीकडच्या रुग्णालयांत गुंतागुंत नसेल तर बऱ्याच जणांना पाचव्या ते सातव्या दिवशी घरी सोडतात. 1994 साली अमेरिकेतल्या रिचर्ड एंगेलमन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली 'फास्ट-ट्रॅक' पद्धत पुढे जगभर रुजली. तिचं सूत्र असं, की घशातली नळी लवकर काढायची, रुग्णाला लवकर उठवायचं आणि लवकर चालवायचं.

नात्यातल्या एका काकांच्या वेळी हे जवळून पाहिलं. छातीतल्या नळ्या निघाल्या आणि लगेच पलंगावर बसवणं, मग खुर्चीत, मग कॉरिडॉरमध्ये चालणं सुरू झालं. हातात तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर. तासातासाला श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. उठताना हातांवर भार द्यायचा नाही, कारण मधोमध कापलेलं छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं आणि ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात.

"काका, घर कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे?" फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं. घाटकोपरची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मग त्यांनी काकांना जिन्यावर नेलं. चार पायऱ्या, थांबा, नाडी पाहा, पुन्हा चार. संडास भारतीय पद्धतीचा आहे का, हेही विचारलं आणि कमोडची खुर्ची आणायला सांगितलं.

एवढ्यावर दुसऱ्याच दिवशी का सोडत नाहीत? हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास शस्त्रक्रियेनंतर बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उद्भवतो. तो काळ मॉनिटरखाली गेलेला बरा.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी सकाळीच "जाऊ शकता" म्हटलं, पण विम्याची मंजुरी येईतो संध्याकाळ झाली. दिवस कागदांत गेला आणि औषधं मात्र शेवटी घाईघाईत समजावली गेली. कोणती गोळी रक्त पातळ ठेवण्याची, कोणती ठोके आवरण्याची, हे काकूंनी घरी येऊन पाकिटांवर पेनानं लिहिलं.

निवडक, कमी जोखमीच्या रुग्णांना लवकर सोडल्यानं मृत्यू वाढत नाहीत, असं परदेशी अभ्यासांत दिसलं आहे. पण फुप्फुसाभोवती पाणी, बिघडलेले ठोके, जखमेतला संसर्ग यांपायी काहींना महिन्याभरात पुन्हा दाखल व्हावं लागतं. मधुमेह असेल तर जखमेची काळजी दुप्पट. म्हणजे रुग्णालयानं वाचवलेले दिवस घरच्यांनी सांभाळायचे असतात.

म्हणून निघण्यापूर्वी चार गोष्टी लिहूनच घ्या: औषधांच्या वेळा, टाके दाखवायची तारीख, रात्री लागणारा फोन नंबर आणि धोक्याची लक्षणं. ताप, जखमेतून स्राव, छातीच्या हाडात 'कट्' असा आवाज, वाढती धाप किंवा दोन-तीन दिवसांत एक-दोन किलोनं वाढलेलं वजन यांपैकी काहीही दिसलं, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.