मीटरला वेग कोण सांगतो?

वाङ्मय मंडळाच्या अंकात सेन्सर आणि वायरिंगवर लेख कशाला, असं काही जण विचारतील. पण बेळगावात राहून यंत्रांपासून लांब राहता येत नाही. उद्यमबागेत माझ्या काकांचं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. तिथं आम्ही जुन्या मारुती 800 चं इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं वापरून, पाइपच्या सांगाड्यावर दोन सीटची गाडी बनवली. अशी गाडी नोंदणीशिवाय रस्त्यावर काढता येत नाही. ती आवारातच फिरते. तरीही तिला स्पीडोमीटर हवाच, असा काकांचा आग्रह. "कानानं वेग कळत नाही रे," ते म्हणाले. ते खरंच आहे. जमिनीलगत, उघड्यावर बसलं की 30 चा वेगसुद्धा 50 सारखा वाटतो, आणि एकदा सवय झाली की 50 ही 30 वाटायला लागतो.

मारुतीचा जुना मीटर केबलवर चालायचा. गिअरबॉक्समधून निघालेली केबल फिरायची आणि मीटरमधला चुंबक फिरवायची. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरला की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते. वेग जितका जास्त, तितकी ओढ जास्त, तितका काटा पुढे. जर्मन संशोधक ओटो शुल्झे यांनी 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं. पुढं कित्येक दशकं जगभरच्या गाड्या याच युक्तीवर वेग दाखवत होत्या.

आमच्या गाडीत मात्र इंजिन मागे आणि मीटर पुढे. तेवढी लांब केबल वळणं घेत नेणं कठीण, म्हणून आम्ही इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवायचं ठरवलं.

त्यासाठी महागडा सुटा भाग लागत नाही. कारखान्यांतल्या मशिनांवर जो प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो, तोच चालतो. आम्ही 12 मिलिमीटर आट्यांचा, 10 ते 30 व्होल्टवर चालणारा घेतला. त्याच्या तोंडाशी एक कॉइल असते. समोर धातू आला की त्या धातूत तेच भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, कॉइलमधलं कंपन मंदावतं आणि सेन्सर 'आलं' असा एक इशारा देतो. म्हणजे बघा, शुल्झेच्या वाटीत जे घडत होतं तेच इथंही घडतं. फक्त काटा ओढण्याऐवजी आता मोजणी होते.

सेन्सर बसवायचा कुठे? इंजिन मागची चाकं फिरवतं. ती चिखलात नुसती गरगरली तर गाडी जागेवर असतानाही मीटर पळेल. म्हणून पुढचं चाक निवडलं. हबच्या आतल्या बाजूला समान अंतरावर चार बोल्टांची डोकी आहेत, ती सेन्सरसमोरून जातात. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात चार इशारे मिळतात. एकच मिळाला असता तर चालण्याच्या वेगानं जाताना सेकंदाला जेमतेम एक इशारा आला असता आणि आकडा अडखळत बदलला असता.

सेन्सरची पट्टी सांगाड्याला जोडायची नाही. खड्ड्यात चाक वरखाली होतं, सांगाडा तसा होत नाही. मग फट बदलते आणि कधी बोल्ट सेन्सरलाच फोडतो. पट्टी स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या नकलला जोडली की फट कायम राहते. आम्ही ती दीड मिलिमीटर ठेवली. ब्रेकच्या डिस्कपासून मात्र अंतर राखावं, कारण असे सेन्सर साधारण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकतात.

वायरी तीन. तपकिरी फ्यूजमधून इग्निशनच्या 12 व्होल्टला, निळी अर्थला, काळी मीटरच्या सिग्नलला. चाक वळतं तिथं वायर थोडी सैल सोडायची आणि स्पार्क प्लगच्या वायरींपासून दूर न्यायची. नाहीतर प्लगच्या ठिणग्याही मीटर इशारे म्हणून मोजतो आणि उभी गाडी 40 नं पळताना दिसते.

आता मुख्य गोष्ट. सेन्सरला वेग कळत नाही. तो फक्त मोजतो. एका इशाऱ्यामागे गाडी किती पुढे गेली, हे आपण मीटरला सांगायचं असतं. आमच्या टायरवर 145/70 आर 12 लिहिलंय. त्यावरून गणित केलं तर परीघ साधारण 159.5 सेंटिमीटर येतो. पण वजनाखाली टायर दबतो. म्हणून हवा बरोबर भरून, दोघांना गाडीत बसवून, चाकावर आणि जमिनीवर खडूची खूण केली आणि गाडी ढकलली. दहा फेऱ्यांत 15.5 मीटर अंतर गेलं. म्हणजे एका फेऱ्याला 155 सेंटिमीटर आणि एका इशाऱ्याला पावणेएकोणचाळीस. मग टेपनं 100 मीटर आखून इशारे मोजले, ते 258 भरले. हिशेब जुळला.

तरी मीटरमध्ये आम्ही 155 नाही, 158 भरला. कारण मीटर थोडा जास्त दाखवेल तर चालतो, कमी दाखवून चालत नाही. संयुक्त राष्ट्रांचा वाहन नियम क्रमांक 39 हेच सांगतो: दाखवलेला वेग खऱ्या वेगाहून कमी नसावा, आणि जास्त असला तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी 4 किलोमीटर, एवढाच. खरा वेग 60 असेल तर मीटरनं 60 ते 70 च्या मध्ये दाखवावं. मीटर 50 म्हणतो आणि गाडी 55 नं धावते असं झालं, तर ब्रेकला 21 टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते आणि गाडी थांबायला त्याच प्रमाणात जास्त अंतर लागतं. समोर माणूस असेल तर तेवढं अंतर पुरे.

हे फक्त घरी बनवलेल्या गाडीचं नाही. आपल्यातले किती जण बाइकला ऐटीसाठी मोठा टायर घालतात! ज्या चाकावरून मीटर मोजणी करतो त्याचा परीघ वाढला, तर मीटर जुन्याच हिशेबानं कमी वेग दाखवत राहतो. टायर बदललात तर खडू आणि टेप घेऊन चाकाचे दहा फेरे एकदा मोजून बघा. काम दहा मिनिटांचं आहे.