चुंबकावर माग चालत नाही

भिवंडीत विजेच्या बिलाचा विषय निघाला की हल्ली मोबाइलवर एक व्हिडिओ हमखास पुढे येतो. लाकडी फळीवर छोटा पंखा, त्याच्या पात्यांना चिकटवलेली गोल चुंबकं, शेजारी तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि कुठूनही जोडणी नसताना पेटलेला बल्ब. मग कोणीतरी विचारतंच, "मोटारीत चुंबकच असतं ना काका? मग मोठंसं चुंबक बसवलं तर माग फुकट का नाही चालणार?"

नाही चालणार. आणि मुळात मागाच्या मोटारीत चुंबक नसतंच.

विश्वास बसत नसेल तर कुठल्याही वाइंडिंगच्या दुकानात जा. तिथे एखादी जळलेली मोटार उघडून ठेवलेली असतेच. बाहेरच्या स्टेटरमध्ये पातळ पत्र्यांची चळत आणि तिच्या खाचांत भरलेली तांब्याची तार. आतल्या रोटरमध्येही पत्रेच, त्यांतून आरपार गेलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि दोन्ही टोकांना त्या पट्ट्या जोडणाऱ्या कड्या. रोटरला एक स्क्रू लावून पाहा. खाली पडेल.

चुंबकत्व येतं ते वीज सुरू केल्यावर. तीन फेजचे प्रवाह एकाच वेळी चढत नाहीत, एकामागून एक चढतात. त्यामुळे स्टेटरमधलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागतं. चार पोलच्या मोटारीत मिनिटाला १५०० फेरे. हे फिरतं क्षेत्र रोटरच्या पट्ट्यांना कापत जातं, पट्ट्यांत प्रवाह उत्पन्न होतो आणि त्या प्रवाहाच्या जोरावर रोटर क्षेत्रामागे ओढला जातो. तो कायम थोडा मागे राहतो, म्हणून मोटारीच्या पट्टीवर १५०० नसतं, १४४०च्या आसपास आकडा असतो. क्षेत्राला त्याने गाठलं तर पट्ट्यांतला प्रवाह थांबेल आणि ओढही संपेल. दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या की मोटार उलटी फिरते, हे प्रत्येक वायरमनला ठाऊक आहे. एक फेज गेला की थांबलेली मोटार नुसती घूं घूं करत बसते, कारण क्षेत्र फिरतच नाही, जागच्या जागी धडधडतं. रोज डोळ्यांसमोर घडणाऱ्या या गोष्टी सोडून लोक व्हिडिओवर भरवसा ठेवतात, याला काय म्हणावं?

तारेतून वीज वाहिली की शेजारची होकायंत्राची सुई हलते, हे अर्स्टेडने १८२० साली दाखवलं. आपल्याकडे याचा त्रास वेगळ्याच ठिकाणी झाला. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला नेलं. ते आजही तिथे चालतं.

उलट दिशेची वाट फॅरडेला १८३१ साली सापडली. वेटोळ्यात चुंबक नुसतं ठेवलं तर काही होत नाही. ते हलवत राहिलं तरच प्रवाह मिळतो. फुकट विजेवाल्यांचा सगळा घोळ इथेच आहे. "जनित्रात चुंबक फिरवूनच वीज होते ना?" होते हो, पण फिरवतं कोण? कोयनेला धरणाचं पाणी फिरवतं. आणि वीज घ्यायला लागलं की फिरवणं जड होतं. सायकलच्या डायनॅमोचा दिवा लावून चढ चढलेल्या पायांना हे विचारा.

"पण चुंबकांनीच एकमेकांना ढकलत फिरवलं तर?" ही कल्पना १२६९ साली पीटर पेरेग्रिनसने लिहून ठेवली आहे, म्हणजे व्हिडिओवाल्याने नवीन काही काढलेलं नाही. जवळ येताना चुंबक जेवढं ओढतं, तेवढंच लांब जाताना मागे खेचतं. फेरी पूर्ण झाली की हातात शून्य. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने आपोआप चालत राहणाऱ्या यंत्रांचे अर्ज तपासायचेच नाहीत असं १७७५ साली ठरवून टाकलं.

आकड्यांत सांगायचं तर एक किलो निओडिमियम चुंबकात साठलेली ऊर्जा ढोबळमानाने शंभर जूल. एक हॉर्सपॉवरची मोटार पूर्ण ताकदीने चालताना सेकंदाला ७४६ जूल खाते, वर स्वतःची गळती वेगळी. म्हणजे धोटा या पेटीतून त्या पेटीत पोचतो न पोचतो तोच सगळं खलास. शिवाय ती ऊर्जा काढून घेतली तर चुंबक चुंबक राहत नाही. मग व्हिडिओतला बल्ब पेटतो कसा? फळीच्या खाली बघा, सेल सापडेल.

मोटारीतलं चुंबकत्व वीज देत नाही, उलट मागतं. माग रिकामा फिरत असला तरी क्षेत्र उभं ठेवायला प्रवाह लागतोच. त्याने पॉवर फॅक्टर पडतो, आणि कपॅसिटर बसवायचे ते त्यासाठी. बिलाची काळजी असेल तर कपॅसिटर बिघडलेत का, बेअरिंग जाम आहे का, ते आधी बघावं.

बाकीचे समज थोडक्यात. चुंबक सगळ्या धातूंना चिकटत नाही. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम त्याला दाद देत नाहीत. चुंबक चिकटलं म्हणून भांडं नकली स्टीलचं ठरत नाही. ४३० प्रतीच्या स्टीलला ते चिकटतं, ३०४ला सहसा नाही, आणि स्टेनलेस दोन्ही असतात. चुंबकाचे दोन तुकडे केले तर उत्तर ध्रुव एका हातात आणि दक्षिण दुसऱ्या हातात येत नाही, दोन पुरती चुंबकं मिळतात. रक्तातलं लोह चुंबकी कड्याने "खेचलं" जात नाही. एमआरआयच्या यंत्रात दीड टेस्लाचं क्षेत्र असतं, तरी रक्त आपल्या वाटेनेच वाहतं.

आणि मीटरला चुंबक लावायचा सल्ला देणारे. आजचे इलेक्ट्रॉनिक मीटर अशा क्षेत्राची नोंद तारीख-वेळेसकट ठेवतात, आणि वीज कायदा २००३च्या कलम १३५ खाली ही चोरी ठरते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.