प्रशिक्षण दारी, शुश्रूषा घरी

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठी ओलांडलेल्या नागरिकांची संख्या १० कोटींहून अधिक होती व त्यांपैकी सुमारे ७१ टक्के ग्रामीण भागात राहत होते. मुले रोजगारासाठी शहरात आणि अंथरुणाला खिळलेले आईवडील गावी, हे चित्र आता सर्वपरिचित आहे. मुलाने पाठविलेली रक्कम क्षणार्धात वडिलांच्या खात्यात जमा होते. परंतु त्यांची कूस बदलणारा हात गावातच असावा लागतो.

हा हात बहुधा स्त्रीचा असतो. तिच्या ठायी माया असते, शास्त्रशुद्ध ज्ञान मात्र नसते. रुग्णाची कूस वेळोवेळी बदलली नाही तर शय्याव्रण होतात. आडवे निजवून भरविल्यास घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. या गोष्टी शिकविता येतात. परंतु त्यासाठी महिनाभर शहरात राहायचे, तर तिची मजुरी बुडते आणि घर उघडे पडते. विद्यार्थिनी शाळेपर्यंत पोहोचू शकत नसेल, तर शाळेनेच तिच्या गावी जाणे श्रेयस्कर.

या विचाराची मुळे महाराष्ट्रातच आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातील आरोग्यसेविका, फिरते पथक व रुग्णालय अशी त्रिस्तरीय रचना होती. पथक गावात जाऊन सेविकेच्या कामाला आधार देई. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरोघरी शुश्रूषेचे शिक्षण दिले. तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत अशी गृहभेटीची पद्धत देशभर स्वीकारली गेली.

केरळने २००८ मध्ये वेदनाशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. तेथे परिचारिका वाहनातून रुग्णाच्या घरी जाते व कुटुंबीयांना जखमेची निगा प्रत्यक्ष करून दाखविते. शिकविण्याचे साधन स्वतः रुग्णशय्याच असते.

या अनुभवांतून एक बोध स्पष्ट होतो. एकदाच गावात येऊन प्रमाणपत्रे वाटणारे वाहन फारसे उपयोगी नाही. ते पुन्हा पुन्हा आले, चुका सुधारल्या, शंका फेडल्या, तरच कौशल्य टिकते.

अर्थकारणाचाही विचार व्हावा. १९९२ पासून बँकांशी जोडले गेलेले स्वयंसहायता गट हवेची गादी, चाकांची खुर्ची अशी साधने कर्जाऊ रकमेतून घेऊन गरजू कुटुंबांना माफक भाड्याने देऊ शकतील. प्रशिक्षित सेविकेचे मानधनही ठरल्या तारखेला तिच्याच नावाच्या खात्यात जमा व्हावे. शुश्रूषा हे पुण्यकर्म खरेच. परंतु केवळ पुण्यावर सेविकेची चूल पेटत नाही, याचे भान आपण सर्वांनी ठेवावयास हवे.