डबक्यापुरते आयुष्य
नोथोब्रँकियस फर्झेरी हा झिम्बाब्वे-मोझांबिककडचा किलीमासा. पावसाने डबके भरले की अंड्यांतून पिल्ले निघतात आणि अवघ्या दोन आठवड्यांत वयात येऊ शकतात. पाणी आटले की मासे मरतात. अंडी मात्र वाढ थांबवून सुकल्या चिखलात पुढच्या पावसाची वाट पाहतात. १९६८ मध्ये रिचर्ड फर्झर यांनी हा मासा पहिल्यांदा गोळा केला. मासे पाळणारे हौशी लोक आजही डबकी आटण्याआधी जाळी घेऊन पोचतात. विलक्षण मासा!

असे मासे पाळणाऱ्या बडोदेकरांनी मात्र परदेशी मासे विश्वामित्री नदीत कधीही सोडू नयेत. गुजरातचा स्वतःचा किलीमासा आहेच: अफानियॉप्स स्टोलिक्झकानस (पूर्वी अफानियस डिस्पार म्हणून ओळखला जाणारा). किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यातला हा मासा गोड्या पाण्यालाही सरावतो आणि डासांच्या अळ्या आवडीने खातो.