‘फोर स्टिक्स’ची सम मुंबईत का सापडली नाही?

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे नाव निघाले की ‘स्टेअरवे टू हेवन’ या गाण्याचा उल्लेख हमखास होतो. ८ नोव्हेंबर १९७१ रोजी प्रसिद्ध झालेल्या बँडच्या चौथ्या तबकडीत हे गाणे आहे. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर ‘फोर स्टिक्स’ नावाचे एक आडदांड आणि काहीसे उपेक्षित गाणे आहे. रेडिओवर ते क्वचितच लागते. खुद्द बँडनेही ते रंगमंचावर एकदाच वाजविल्याची नोंद सापडते, ती ३ मे १९७१ च्या कोपनहेगन येथील कार्यक्रमाची. मात्र या गाण्याचे दुसरे ध्वनिमुद्रण १९७२ मध्ये मुंबईत, भारतीय वादकांना घेऊन झाले होते. ते अधिकृतपणे श्रोत्यांच्या हाती पडायला २०१५ साल उजाडावे लागले. मधल्या ४३ वर्षांत ‘मुंबईच्या वादकांना ताल सांभाळता आला नाही’ हे एकच वाक्य पुस्तकांतून आणि लेखांतून फिरत राहिले. ते कितपत न्याय्य आहे, हे या गाण्याची लंडनमधील जन्मकथा पाहिल्याशिवाय कळत नाही.

गाण्याच्या नावाचा शब्दांशी काहीही संबंध नाही. ‘फोर स्टिक्स’ म्हणजे चार काड्या, आणि त्या आहेत ड्रमवादक जॉन बॉनहॅम याच्या हातातल्या. ढोल-ताशाचा नाद अंगात मुरलेल्या नाशिककरांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ताशावादक दोन हातांत दोन काड्या घेतो. बॉनहॅमने प्रत्येक हातात दोन-दोन धरल्या. अशाने प्रत्येक आघात जाड होतो, कडाही थोडी फुटते आणि मनगटावरचा भार मात्र दुप्पट होतो. लंडनच्या आयलंड स्टुडिओत हे गाणे बरेच दिवस जुळून येत नव्हते. अखेर बॉनहॅमने चार काड्या उचलल्या आणि दोनच प्रयत्नांत काम झाले. तिसरा प्रयत्न त्याच्या शरीराला झेपणाराच नव्हता, असे गिटारवादक जिमी पेजने पुढे सांगितले. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स याने ड्रमचा आवाज मुद्रणाच्या वेळीच दाबून घेतला होता. परिणामी नंतरचे मिश्रण त्याला पुन्हा पुन्हा करावे लागले.

पण ते जुळत का नव्हते? गाण्याची मूळ गिटारओळ पाच मात्रांच्या गटात चालते आणि मध्येच सहाच्या गटात जाते. रॉकचा श्रोता चारच्या चालीला सरावलेला असल्याने त्याला येथे जमीन सरकल्यासारखी वाटते. भारतीय कानाला पाच मात्रांचे भय नाही. तबल्याच्या सुरुवातीच्या परीक्षांना बसणारा विद्यार्थीही दोन-तीन, दोन-तीन अशा विभागांचा दहा मात्रांचा झपताल हातावर मोजून दाखवतो; सहा मात्रांचा दादरा तर भजनी मंडळातही वाजतो. पाच आणि सहा मिळून होणाऱ्या अकरा मात्रांचाही रुद्र ताल आपल्याकडे आहे. तेव्हा केवळ मात्रांची संख्या ही अडचण असू शकत नाही. खरा प्रश्न समेचा आहे.

बँडचा बासवादक जॉन पॉल जोन्स याने १९९० च्या सुमारास दिलेल्या एका मुलाखतीत या प्रश्नावर नेमके बोट ठेवले होते. पेज एखादी ओळ सुरेख वाजवीत असे, पण पहिली मात्रा कोठे आहे, हे त्याला सांगता येत नसे. बॉनहॅमला हे गाणे बसविताना फार वेळ लागला, तो त्यामुळेच. बँडमध्ये मोजून ताल दाखविणारा आपण एकटाच होतो आणि पहिली मात्रा चुकीच्या जागी धरली की सगळेच कोसळते, असा जोन्सच्या सांगण्याचा आशय होता. आपल्या भाषेत सांगायचे, तर ओळ होती, लय होती. सम कोणी सांगत नव्हते.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन मुंबईकडे वळले पाहिजे. १९७२ मध्ये पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. पेजला भारतीय संगीताचे आकर्षण पूर्वीपासून होते. बँडच्या १९६९ च्या पहिल्याच तबकडीतील ‘ब्लॅक माउंटन साइड’मध्ये वीरम जसानी यांचा तबला आहे. मुंबईत परदेशी रॉक संगीतकाराने भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण करण्याचा पायंडाही पडलेला होता. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन याने जानेवारी १९६८ मध्ये एचएमव्हीच्या मुंबईतील स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’चा मोठा भाग आणि ‘दि इनर लाइट’ या गाण्याचा वाद्यमेळ मुद्रित केला होता. त्यासाठी दोन पट्ट्यांचे स्टिरिओ यंत्र कोलकात्याहून मागवावे लागले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्या वादकांत सरोदवादक आशिष खाँ, संतूरवादक शिवकुमार शर्मा आणि बासरीवादक एस. आर. केंकरे होते.

पेज-प्लांट यांच्यासाठी वादक जमविण्याची आणि त्यांना मार्गदर्शन करण्याची कामगिरी विजय राघव राव यांनी पार पाडली. राव हे पंडित रविशंकर यांचे शिष्य, नामवंत बासरीवादक आणि फिल्म्स डिव्हिजनचे संगीतकार. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’ (१९६९) या चित्रपटाचे संगीत त्यांचेच. पेजने सोबत आणलेली दोन गाणी होती ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. पाश्चात्त्य लेखनात या वादकांना सर्रास ‘बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ म्हटले गेले आहे, पण हे नाव दिशाभूल करणारे आहे. त्या नावाचा वाद्यवृंद मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी उभा केला होता. या ध्वनिफितीत ऐकू येतात ते तबला, सतार आणि अन्य भारतीय वाद्यांचे स्वर.

‘फ्रेंड्स’ तुलनेने सहज जमले. त्याचा पायाच अखंड घुमणाऱ्या खर्जावर आहे. तानपुऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या वादकाला तेथे उभे राहायला जागा मिळते. ‘फोर स्टिक्स’मध्ये मात्र गाडी अडखळली. वादकांना पाश्चात्त्य पद्धतीने मोजणे जड गेले, असे पेजचे म्हणणे पडले. ब्रँडीच्या बाटलीचीही एक कथा तो सांगत असे आणि अर्थातच तीच सर्वांत लांबवर पोहोचली.

पेजची तक्रार खोटी होती, असे म्हणता येणार नाही. ती अपुरी होती. मुंबईच्या चित्रपटसंगीतात त्या काळी पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारे, बहुतांशी गोव्याकडचे वादक आणि ऐकून, सरगम लिहून घेऊन वाजविणारे भारतीय वाद्यांचे कलावंत रोज एकाच दालनात बसत. हे दोन प्रवाह एकत्र नांदत, याचे श्रेय सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संयोजकांना होते. ते प्रत्येक तुकडा लिहून काढीत, तालमी घेत आणि कोणी कोठे यायचे हे आधीच ठरवीत. ‘फोर स्टिक्स’साठी अशा तयारीला उसंत नव्हती. त्यातच जोन्स आणि बॉनहॅम मुंबईच्या ध्वनिमुद्रणात नव्हते. म्हणजे ज्याला ताल मोजता येत होता तो आला नव्हता, ज्याने अंगमेहनतीने गाणे ओढून नेले होते तोही आला नव्हता. आलेला होता तो समेची जागा न सांगणारा गिटारवादक. समेवर येण्याची शिस्त पाळणाऱ्या तबलावादकाची अशा वेळी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. जे गाणे लंडनमध्ये स्वतःच्या ड्रमवादकाला दिवसेंदिवस सापडले नाही, ते अनोळखी वादकांना अल्पावधीत सापडावे, ही अपेक्षाच अवाजवी होती.

त्याच वर्षी पेज आणि प्लांट यांनी कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये स्थानिक वादकांसह वाजविले. मुंबईतल्या जुन्या रॉकप्रेमींमध्ये ती आठवण अजून निघते. ध्वनिफिती मात्र पेजने बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या चोरट्या प्रती जगभर हिंडत राहिल्या.

पेजने हा नाद सोडला नाही. १९७५ च्या ‘काश्मीर’मध्ये गिटार आणि वाद्यवृंद तीनच्या गटात चालतात, ड्रम चारच्या, दर बारा मात्रांनी दोघे एकत्र येतात. बॉनहॅमचा ठोका तेथे इतका ठाम आहे की, नवख्यालाही सम चुकत नाही. ‘फोर स्टिक्स’ १९९४ मध्ये पुन्हा वाजले. पेज आणि प्लांट यांच्या ‘नो क्वार्टर’ या संयुक्त तबकडीत ते आहे. तेव्हा सोबतीला हुसाम रामझी यांच्या नेतृत्वाखालील इजिप्शियन वादक होते आणि पूर्वतयारीही होती.

मुंबईची मूळ ध्वनिमुद्रणे अखेर ३१ जुलै २०१५ रोजी ‘कोडा’ या तबकडीच्या तीन भागांच्या विस्तारित आवृत्तीत आली. ‘कोडा’ ही तबकडी मुळात १९८२ ची. बॉनहॅमच्या १९८० मधील मृत्यूनंतर उरलेल्या साहित्यातून ती सिद्ध झाली होती. नव्या आवृत्तीत ‘फोर स्टिक्स’ला ‘फोर हँड्स’ असे नाव दिले असून, पुढे ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढेच छापले आहे. पावणेपाच मिनिटांच्या या तुकड्यात गिटारची ती अवघड ओळ भारतीय वाद्ये उचलतात. काही ठिकाणी ती सैल पडते हे खरे. पण जेथे तबल्याला पाचाचा गट स्पष्ट सापडतो, तेथे चाल लंडनच्या मूळ मुद्रणाहून अधिक मोकळी वाटते.