वाटेचा नकाशा आणि वाटेची खबर

२१ एप्रिल १८६१ ची संध्याकाळ. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात कूपर क्रीक या प्रवाहाकाठी तीन थकलेली माणसे आणि दोन उंट येऊन पोहोचले. बर्क, विल्स आणि किंग हे ते तिघे. मेलबर्नहून २० ऑगस्ट १८६० रोजी निघालेल्या मोहिमेतील हे लोक खंडाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत जाऊन परतत होते. त्यांचा चौथा सोबती ग्रे चारच दिवसांपूर्वी वाटेत मरण पावला होता आणि त्याला मूठमाती देण्यात त्यांचा एक दिवस गेला होता. कूपर क्रीकच्या तळावर आपले लोक आणि अन्नसाठा मिळेल, या एकाच आशेवर त्यांनी शेवटचा टप्पा ओढला होता. तळ रिकामा होता. चार महिने वाट पाहून तेथील तुकडी त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. अंतर पडले ते अवघे नऊ तासांचे.

कूलिबाच्या एका झाडावर खणण्याची सूचना कोरलेली होती. तिघांनी खणून पुरलेले अन्न आणि चिठ्ठी काढली, आपली चिठ्ठी तेथे पुरली, जमीन पूर्ववत सारखी केली आणि ते दुसऱ्या वाटेने निघाले. झाडावर मात्र त्यांनी नवी खूण केली नाही. पुढे ८ मे रोजी तुकडीचा प्रमुख ब्राहे आणखी एका सोबत्यासह पुन्हा त्या झाडापाशी आला. खुणा पूर्वीसारख्याच दिसल्या, म्हणून कोणी आलेच नाही असे समजून दोघे परत फिरले. त्या वेळी बर्क आणि विल्स त्याच प्रवाहाच्या काठी, थोड्याच अंतरावर, जिवंत होते. जून संपता संपता दोघेही गेले. किंग तेवढा यांद्रुवांधा या तेथील मूळ रहिवाशांच्या आश्रयाने वाचला आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकाला सापडला.

या शोकांतिकेची कारणमीमांसा अनेकांनी केली आहे. बर्कचा उतावळेपणा, मोहिमेचा अवाढव्य पसारा, आपसांतील कलह ही कारणे खोटी नाहीत. तथापि शेवटच्या दोन महिन्यांपुरते बोलायचे तर ही माणसे वाट चुकून मेली नाहीत. आपण कुठे आहोत हे त्यांना ठाऊक होते. त्यांना ठाऊक नव्हते ते एवढेच, की ज्या जागी आपण उभे आहोत तेथे काल काय घडले आणि आज काय घडते आहे. नकाशा असणे आणि वाटेची खबर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या झाडाने दिला. दीडशेहून अधिक वर्षे उलटल्यावरही तो पुरता शिकला गेला आहे, असे म्हणवत नाही.

रेघेचे आयुष्य

सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटरचा हा खंड कागदावर आणण्याचे काम ऑस्ट्रेलियन सरकारने दुसऱ्या महायुद्धानंतर नेटाने केले, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. १ : २,५०,००० या प्रमाणावरील स्थलनिर्देशक नकाशांची पाचशेंहून अधिक पत्रके १९६८ पर्यंत पुरी झाली. त्याहून तपशीलवार अशा १ : १,००,००० प्रमाणाच्या मालिकेचे काम १९८८ मध्ये संपले. ज्या प्रदेशात शेकडो मैल वस्ती नाही, तेथील वाळूची टेकडी न् टेकडी विमानातून टिपलेल्या छायाचित्रांवरून उतरवली गेली. रानावनांत हिंडणारा, तिकडच्या भाषेत ‘बुशवॉकर’, आणि मोटारीने ‘आउटबॅक’ ओलांडणारा प्रवासी या दोघांची सारी भिस्त या पत्रकांवर राहिली.

परंतु छापलेल्या दिवसापासूनच नकाशा जुना होऊ लागतो. फार काय, ज्या जमिनीचा तो नकाशा, ती जमीनही स्थिर नाही. ऑस्ट्रेलिया खंड दरवर्षी सुमारे सात सेंटीमीटर ईशान्येच्या बाजूस सरकतो आहे. त्यामुळे १९९४ च्या आधारावर बसवलेली अक्षांश-रेखांशांची मोजणी २०२० मध्ये सुमारे १.८ मीटरने सुधारून घ्यावी लागली. त्याच्याही आधीची, १९६६ ची मोजणी आणि १९९४ ची मोजणी यांत तर सुमारे दोनशे मीटरचा फरक पडतो. जुने पत्रक हाती धरून नव्या उपग्रह-यंत्रावरचे आकडे त्यावर मांडणारा माणूस प्रत्यक्षात असतो एका जागी आणि स्वतःला समजतो दुसऱ्याच जागी. सपाट वाळवंटात दोनशे मीटर ही क्षुल्लक बाब ठरेल. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये मात्र तेवढ्या अंतरात कड्याचा माथा आणि कड्याचा तळ दोन्ही सामावतात.

खंड सरकण्याची गोष्ट कोणी सहसा मनावर घेणार नाही. वाटांचे तसे नाही. २०१९-२० च्या उन्हाळ्यातील वणव्यांत ब्लू माउंटन्सच्या जागतिक वारसा क्षेत्राचा सुमारे ८० टक्के भाग होरपळला. त्यानंतरच्या वर्षांत अतिवृष्टी झाली, दरडी कोसळल्या, पायवाटा तुटल्या. एप्रिल २०२२ मध्ये तेथील एका नित्याच्या पायवाटेवर दरड कोसळून दोघांचा मृत्यू झाला. नकाशावरची तुटक रेघ या साऱ्या काळात जशीच्या तशी होती. नकाशा वाट दाखवतो. ती आज चालण्याजोगी आहे की नाही, हे सांगण्याची शक्ती त्याच्या अंगी नसते.

विहीर आहे, पाणी आहे का?

आउटबॅकमध्ये हा फरक जिवावर बेततो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ‘कॅनिंग स्टॉक रूट’ हा सुमारे १,८५० किलोमीटरचा मार्ग गुरे हाकून नेण्यासाठी आखला गेला. आल्फ्रेड कॅनिंगने १९०६ मध्ये त्याची पाहणी केली आणि १९०८ ते १९१० या काळात विहिरी खोदल्या. नकाशावर आजही त्या विहिरी क्रमांकासह दाखवलेल्या असतात. त्यांपैकी कित्येक ढासळल्या आहेत, काहींचे पाणी पिण्याजोगे नाही, तर काही हौशी प्रवाशांनी पदरमोड करून पुन्हा बांधून काढल्या आहेत. कागदावर मात्र साऱ्या विहिरींची खूण एकच. तेव्हा क्रमांक वाचून पाण्याचा हिशेब करणाऱ्याची गत काय होईल, हे सांगायला नको.

या मार्गाच्या जन्मकथेचा एक भाग विसरता कामा नये. वाळवंटातील पाण्याच्या जागा कॅनिंगला माहीत असण्याचे कारणच नव्हते. त्या माहीत होत्या मूळ रहिवाशांना. त्यांना पकडून, साखळ्यांनी बांधून, पाण्याकडे नेण्यास भाग पाडले गेले. त्याच्याच तुकडीतील स्वयंपाक्याने तक्रार केल्यावर १९०८ मध्ये चौकशी आयोग बसला आणि त्याने कॅनिंगला निर्दोष ठरवले. कोणत्या ऋतूत कोणत्या डबक्यात पाणी राहते, हे ज्ञान त्या लोकांनी गाण्यांत आणि कथांत जपले होते. ते पिढ्यान्‌पिढ्या आठवले जात होते, म्हणून ताजेही होते. नकाशाने त्यांतून जागा घेतली, ऋतू घेतला नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारी आणि क्वीन्सलँडमधील बर्ड्‌सव्हिल यांना जोडणारा रस्ता ५१७ किलोमीटरचा. डिसेंबर १९६३ मध्ये इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेले पाच जणांचे एक कुटुंब याच रस्त्यावर वाट चुकले. मोटारीतील पेट्रोल संपले, पाणी संपले आणि पाचही जण उन्हाने व तहानेने मेले. त्या ऐन उन्हाळ्यात, त्या मोटारीने आणि तेवढ्या पाण्यावर तिकडे जाऊ नये, हे पुढच्या-मागच्या कोणत्याही गुरांच्या ठाण्यावरील माणसाने सांगितले असते. पण निघालेल्यांची नोंद ठेवून, ते न पोहोचल्यास लगेच शोध घेण्याची पक्की व्यवस्था तेव्हा नव्हती.

आज स्थिती पुष्कळ सुधारली आहे. सिम्पसन वाळवंटातील दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राखीव क्षेत्र दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च प्रवाशांना बंद असते. कोणता रस्ता उघडा, कोणता बंद आणि कोणत्या रस्त्यावर केवळ चारही चाकांना गती असलेलीच मोटार न्यावी, हे गावांच्या वेशीवरील फलक सांगतात. वाळवंटी उद्यानांच्या स्थितीची पत्रके सरकार वेळोवेळी काढते. ब्लू माउंटन्समध्ये जाणाऱ्यास संकटसूचक यंत्र विनामूल्य उसने मिळते आणि आपला बेत पोलिसांकडे नोंदवून निघता येते. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये पश्चिम क्वीन्सलँडमध्ये महापूर आला आणि ते पाणी शेकडो किलोमीटर वाहत कोरड्या आयर सरोवराकडे गेले. जेथे वर्षानुवर्षे धूळ उडते तेथे मैलोन्‌मैल पाणी पसरले. अशा वेळी चालू आठवड्याची खबर नसेल, तर उत्तमातला उत्तम नकाशाही पुड्या बांधण्याच्याच कामाचा.

यंत्राचा शब्द

असे असता, हाती भ्रमणध्वनी आला म्हणजे नकाशाही आला आणि खबरही आली, असा समज बळावतो आहे. तो किती घातक ठरू शकतो याची उदाहरणे आहेत. डिसेंबर २०१२ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला. एका जगप्रसिद्ध कंपनीच्या नव्या नकाशाने मिल्डुरा हे शहर मूळ जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, मरी-सनसेट राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यावर नेऊन ठेवले होते आणि त्यावर विसंबलेले मोटारचालक रानात अडकत होते. तेथे तापमान ४६ अंशांपर्यंत चढते. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन जर्मन पर्यटक अशाच एका यंत्राच्या सांगण्यावरून केप यॉर्कमधील बंद वाटेवर शिरले. मोटार चिखलात रुतली आणि पायी माणसांत येईपर्यंत त्यांना आठवड्याहून अधिक काळ लागला.

यंत्रावर राग धरण्यात अर्थ नाही. चूक छापील नकाशातही होते. पण छापील पत्रकाच्या कोपऱ्यात पाहणीचे वर्ष असते, छापणाऱ्या खात्याचे नाव असते. वाचणारा त्या वर्षाकडे पाहून सावध होतो आणि चूक आढळल्यास कोणाला कळवायचे हेही त्याला समजते. पडद्यावरच्या रेघेला वय नसते. ती काल पडताळली की दहा वर्षांपूर्वी, हे तिच्याकडे पाहून उमगत नाही. ती सदैव आजची वाटते, हाच तिचा दोष. अशा काळात ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय भूविज्ञान खात्याने २०१९ मध्ये कागदी नकाशांची छपाई आणि विक्री थांबवण्याचा निर्णय घेतला. मागणी घटली हे कारण खरे असेल. परंतु जेथे ध्वनिलहरी पोहोचत नाहीत आणि विजेची घडी संपली की यंत्र मुके होते, तेथे कागद ही विक्रीची वस्तू नसून सुरक्षिततेची साधनसामग्री आहे. दीपगृहाचा खर्च जहाजांच्या संख्येने भागत नाही, म्हणून कोणी दिवा मालवीत नाही.

खबर कोणी द्यायची?

या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे आणि ती जाणत्या भटक्यांकडूनच मांडली जाते. प्रत्येक वाटेची इत्थंभूत माहिती प्रसिद्ध झाली की गर्दी लोटते, रान तुडवले जाते आणि अननुभवी माणूसही धाडस करू लागतो, असे त्यांचे म्हणणे. ते निराधार नाही. टास्मानियातील ‘ओव्हरलँड ट्रॅक’वर २००५ पासून हंगामात परवाना आणि एकाच दिशेने चालण्याचा नियम लावावा लागला, तो या गर्दीमुळेच. मूळ रहिवाशांच्या भूमीतून जाणाऱ्या कित्येक वाटांना त्यांची अनुमती लागते आणि काही जागा परक्यांना दाखवायच्या नाहीत, हा त्यांचा अधिकार मान्य करण्यातच सभ्यता आहे.

पण वाट दाखवणे आणि धोका सांगणे यांत फरक केला पाहिजे. रानातले एखादे गुप्त स्थळ नकाशावर नसले तर कोणाचे नुकसान होत नाही. पूल वाहून गेला आहे, विहीर आटली आहे, वणवा अमुक दिशेने येतो आहे, ही खबर मात्र कोणापासूनही राखून ठेवण्याजोगी नाही. शिवाय नकाशा हाती असलेला माणूस रानाचा शत्रूच होतो, असेही नाही. माइल्स डन्फी (१८९१–१९८५) याने ब्लू माउंटन्सच्या दऱ्यांतून स्वतः पायपीट करून जे नकाशे काढले, त्यांवर भटक्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. त्याच नकाशांच्या आधारे त्याने राष्ट्रीय उद्यानाची मागणी लावून धरली आणि १९५९ मध्ये ते उद्यान झाले. ग्रोज दरीतील ‘ब्लू गम’ वृक्षांचे वन तोडले जाणार असे १९३१ मध्ये कळताच, सिडनीच्या भटक्या मंडळींनी मंदीच्या दिवसांत १३० पौंड उभे करून ते वाचवले. ज्यांनी ती दरी पायाखाली घातली होती, त्यांनाच तिची किंमत कळली.

तेव्हा जबाबदारीची विभागणी स्पष्ट हवी. पायाभूत नकाशा, त्यावरील तारीख आणि त्यामागची हमी ही सरकारची. रस्ता बंद-उघडा असल्याचे सांगणे स्थानिक अधिकाऱ्यांचे. आणि काल त्या वाटेने गेलेल्या माणसाने आज जाणाऱ्याला काय दिसले ते सांगणे, हे प्रत्येक प्रवाशाचे कर्तव्य. शेवटचे कर्तव्य सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. सह्याद्रीत हिंडणाऱ्या मराठी माणसाला ते नवे नाही. पावसाळ्यानंतर घाटवाट मोडली की शाबूत आहे, हे तो पायथ्याच्या शेवटच्या घराशी थांबून विचारतो आणि मगच वर चढतो. तेथील गावकऱ्याला होकायंत्र ठाऊक नसेल, पण कालची दरड ठाऊक असते.

बर्क-विल्सच्या मोहिमेचे उंट कराचीहून जहाजाने नेले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्या संध्याकाळी कूपर क्रीकवर पोहोचलेल्या दोन उंटांपैकी एकाचे नाव ‘राजा’ होते. त्या मोहिमेजवळ साधनांची वाण नव्हती. वाण होती ती झाडावर आणखी एक खूण करण्याच्या भानाची. ते झाड आजही कूपर क्रीकच्या काठी उभे आहे. त्यावर कोरलेली अक्षरे मात्र वाढत्या सालीने बहुतेक बुजवून टाकली आहेत. कोणतीही खूण कायमची नसते. वेळोवेळी ती नव्याने करावी लागते, आणि ते काम जो शेवटचा तेथून गेला त्याचे असते.